साडेसहा हजारांची फर्स्ट कॉपी, आतेभावाची अस्सल आणि बाबांची एचएमटी जनता

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर, त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की आधी मापं काढायची खोड. घड्याळांचा नाद मात्र खिशापेक्षा मोठा. त्यातूनच दोनेक वर्षांपूर्वी फोनवर जाहिरात बघून काळ्या डायलची रोलेक्स सबमरीनर मागवली. अर्थातच फर्स्ट कॉपी, म्हणजे हुबेहूब नक्कल. विकणाऱ्याच्या भाषेत 'सेवन ए क्वालिटी, स्विस मशीन, सफायर काच, वॉटरप्रूफ'. साडेसहा हजार रुपये कुरिअरवाल्याच्या हातात रोख मोजले आणि त्यानंतर विकणाऱ्याचा फोन कधी लागला नाही.

पहिले पंधरा दिवस मी हवेत. टिळकवाडीतल्या एका लग्नात दोघांनी मनगटाकडे बघून भुवया उंचावल्या. एकानं तर 'शॉपमध्ये पगार वाढलाय वाटतं' असंही म्हणून घेतलं. मी हसून विषय बदलला. ते हसणं जरा अवघडच गेलं, पण उतरवून ठेवावंसं काही वाटलं नाही.

मग गणपतीला मस्कतहून आतेभाऊ आला. त्याच्या हातात तीच, पण अस्सल. रोलेक्सनं सप्टेंबर २०२० मध्ये सबमरीनर ४० मिलिमीटरवरून ४१ केली आणि आत ३२३५ नंबरचं नवं मशीन घातलं, त्यातलीच ही. आरती झाल्यावर जेवणाच्या टेबलावर पेपर पसरला आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. वहिनी म्हणाल्या, "ओळखते मी," आणि बिनधास्त माझी उचलली. कारण ती जास्त चमकत होती! हातभर अंतरावरून मलाही सांगता आलं नसतं, हे कबूल करतो. कॉपीवाल्यांची सगळी मेहनत त्या हातभर अंतरासाठीच असते.

हातात घेतल्यावर मात्र दोन मिनिटांत निकाल लागला. अस्सलची बेझल, म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं, फिरवली की टक टक टक, एका फेरीत १२० वेळा, आणि जिथं थांबवाल तिथं गच्च. माझी थांबवली की केसभर मागं येते. आमच्याकडं असला जॉब आला तर बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, म्हणून नापासाचा लाल टॅग लागतो. चावी, म्हणजे वेळ लावायचं बाजूचं बटण, उघडताना अस्सलचे आटे लोण्यातून फिरल्यासारखे. माझे आटे वाळू चावल्यासारखे, आणि बंद करताना दोनदा तिरके बसले. तारखेवरचं भिंग अडीच पट मोठं दाखवायला हवं. माझ्यात ११ तारीख अगदी आहे तेवढीच दिसत होती, वर थोडी डावीकडं कललेली. पट्टा जिथं बसतो ती खाच मोजायची होती, पण आतेभाऊ व्हर्नियर जवळ आणू देईना. शेवटी कागदाची पट्टी कापून माप घेतलं. त्याची २१ मिलिमीटर, माझी २०. म्हणजे कॉपीवाल्यानं नव्या मॉडेलचं नाव सांगून जुन्याच साच्यावर काम भागवलं होतं. लाल टॅग नंबर दोन.

सेकंदकाट्याचं तर बघूच नका. अस्सल मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ८, म्हणून काटा सरकल्यासारखा जातो. माझं २१,६०० चं, सेकंदाला ६. चावी ओढली की अस्सलचा काटा जागीच थांबतो, माझा आपला चालूच. त्यामुळं सेकंदाला मिळवून लावताच येत नाही. लावूनही उपयोग काय म्हणा, रोज चाळीस सेकंद पुढं पळायचं. रोलेक्स दिवसाला दोन सेकंद मागं-पुढं एवढीच सूट घेते. आतेभावाचं रविवारी फोनशी जुळवलं, बुधवारी बघितलं तर तीन सेकंदांचा फरक.

तरी कॉपी वापरत राहिलो. पुढच्या जुलैत जांबोटीच्या रस्त्यानं येताना पाऊस लागला. बेळगावच्या पावसाला वॉटरप्रूफ म्हणजे काय ते बरोबर कळतं. घरी पोचलो तेव्हा काचेच्या आत धुकं, आणि तिसऱ्या दिवशी काटा अडकला. खडेबाजारजवळच्या बोळात एक घड्याळवाले मामा बसतात. त्यांनी आयग्लास डोळ्याला लावला आणि मागचं झाकण उघडलं.

"हे कुठनं आणलास रे?"

"ऑनलाइन, मामा."

"बघ की आत."

मी आयग्लासमधून बघितलं. मशीन डीजी नावाचं साधं चिनी. ते हलू नये म्हणून भोवती पांढऱ्या प्लॅस्टिकची रिंग, तीही एका बाजूला कापलेली. केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीच्या, आतल्या कडेला बर, कापताना राहिलेली धातूची खरखर, तसाच, आमच्या शॉपमधला अप्रेंटिससुद्धा फाईल मारून पुढं पाठवतो. रोटरवर, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या वजनावर, कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा. आणि पाणी अडवणारी रबर रिंग दोऱ्याएवढी बारीक, कोरडी, एका ठिकाणी झाकणाखाली चिरडलेली. मामांनी काचेवर नख फिरवून 'ही पण साधीच' म्हटलं. ते मला आधीच कळलं होतं, सफायरवर सहज ओरखडा उठत नाही, आणि ग्राइंडरजवळ काम करून हिच्यावर पडलेच होते. दुरुस्त कराल का विचारलं तर म्हणाले, "करीन, पण उद्या परत बंद पडलं की तू माझं नाव सांगणार."

तिथून माझा दुसरा खेळ सुरू झाला. ठरवलं, हेच सुधारायचं. सेको या जपानी कंपनीचं एनएच३५ मशीन मागवलं, ३,८०० ला पडलं. २४ ज्वेल, म्हणजे चाकांची टोकं टेकतात ते खडे, एकदा चावी भरली की ४१ तास, सेकंदकाटा थांबतो आणि चावीही देता येते. पण ते कॉपीच्या केसमध्ये चावीच्या भोकाशी जुळेना. लेथवर पितळेची रिंग कातून बघितली, एकदा मशीन वर बसलं, एकदा खाली. शिवाय डायलभोवतीच्या आतल्या कड्यावर गोल गोल नाव कोरलेलं. डायल बदलता येतो, ते नाव कसं काढणार? शेवटी नाव नसलेली केस घेतली, सफायर काचेसकट ४,२००. बिननावाचा काळा डायल आणि काटे १,६००. साडेसहा हजारांच्या कॉपीतला तेवढा पट्टा उरला, २० मिलिमीटरचा, तो नव्या केसला बरोबर बसला. बकलवरचा मुकुट मी पॉलिश पेपरनं घासून टाकला.

काटे बसवणं मात्र आपलं काम नव्हे. पहिल्यांदा बसवले तर तारीख दुपारी तीनला बदलायला लागली. मामांनी काढले, चावी फिरवत फिरवत तारीख टक्कन पालटली त्या क्षणी थांबले, आणि तासकाटा बरोबर बारावर ठेवून दाबला. भोक किती? मिनिटकाट्याचं ०.९०, सेकंदकाट्याचं ०.२० मिलिमीटर. आयुष्यभर मायक्रोमीटर धरलेल्या माझ्या हाताला ते जमलं नाही, त्यांच्या सत्तरीतल्या हाताला जमलं. ३०० रुपये घेतले.

आता आठ महिने झाले. दिवसाला सात-आठ सेकंद पुढं, पावसात दोनदा भिजलं, धुकं नाही. काटा अजून सेकंदाला ६ ठोकेच घेतो, आतेभावाच्या घड्याळासारखा सरकत नाही, आणि बेझलही तेवढी गच्च नाही. पण बिघडलं तर मशीन बाजारात मिळतं आणि मामा हात लावतात. लग्नात कुणी विचारलं तर कुठली कंपनी ते सांगता येत नाही, एवढीच अडचण. फर्स्ट कॉपीला माझ्याकडून पाचात एक, तोही पट्ट्यासाठी. आणि हौस म्हणून घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की खोटं नाव लावून माल विकणं हा आपल्याकडं ट्रेडमार्क कायद्याखाली तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. वस्तू फसली तर तक्रार कुणाकडं नेणार?

मामांकडं शेवटच्या फेरीला बाबांची एचएमटी जनताही नेली, तेल-पाण्याला. १७ ज्वेल, रोज सकाळी चावी. एचएमटीनं १९६१ मध्ये सिटिझनच्या मदतीनं बेंगळुरात घड्याळं काढायला सुरुवात केली, २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, आणि तेव्हापासून जुन्या एचएमटीला भाव आलाय. इतका, की मामा म्हणाले, "आता हिचेपण डायल रंगवून विकालेत." मी छाती फुगवून सांगितलं, आमची घरची आहे, एकहाती. मामांनी आयग्लास लावला, सहाच्या आकड्याजवळ जरा जास्तच वेळ थांबले.

"मशीन चोख हाय. डायल मूळचा न्हवं हा."

घरी येऊन बाबांना विचारलं. पेपरमधनं मान वर न करता म्हणाले, "निपाणीत बदलून घेतला. आधीचा काळा पडला होता."

"मग सांगितलं नाहीत कधी?"

"तू विचारलास कधी?" आणि हात पुढं केला. "दे इकडं. आठची गोळी राहिलीय माझी."