लॉन की बंद हॉल: नाशकात गाण्याचा कार्यक्रम ठेवण्याआधी

जागा ठरवताना बहुतेक जण भाडं बघतात. परवान्याच्या दृष्टीने आधी छप्पर बघावं.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावता येत नाही. बंदिस्त सभागृह आणि बँक्वेट हॉलला यातून सूट आहे. मांडवाला चारही बाजूंनी पडदे सोडले म्हणून त्याचा हॉल होत नाही. सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ती सणा-उत्सवांसाठी, तुमच्या शनिवारच्या मैफलीसाठी नाही. म्हणजे लॉनवर साडेनऊला शेवटचं गाणं आणि दहाला मिक्सर बंद, असंच वेळापत्रक आखायचं.

आवाजाची मर्यादा मात्र दोन्हीकडे आहे आणि ती जागेच्या हद्दीवर मोजतात. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, व्यापारी भागात 65. सार्वजनिक जागेला त्यावर 10 ची मुभा मिळते, पण कमाल 75. गंगापूर रोडच्या निवासी पट्ट्यातल्या लॉनला म्हणजे कुंपणाशी 65. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर 95 असेल तर 65 वर यायला 32 मीटर लागतात, आणि ऑर्केस्ट्राचा सेट 95 वर थांबत नाही. स्पीकरची तोंडं सोसायटीकडे न ठेवता आतल्या बाजूला वळवा. हॉलमध्ये दारं मिटली की बरंच निभावतं. पत्र्याचं छप्पर असेल तर बेस तिथूनच बाहेर पडतो. रात्रीची मर्यादा दिवसापेक्षा 10 ने कमी, त्यामुळे दहानंतर निवासी भागातल्या हॉललाही हद्दीवर 55 च.

शाळा-कॉलेज, दवाखाना, न्यायालय यांच्यापासून 100 मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. कॉलेज रोड आणि मुंबई नाक्याकडच्या जागांचा अर्ज इथेच अडकू शकतो. अर्जाआधी तसं जाहीर झालंय का ते विचारा आणि नकाशावर अंतर मोजा.

कागदपत्रांत लॉन जड जातं. पोलिस ठाण्याची आणि स्पीकरची परवानगी, वाहतूक शाखेचा ना हरकत दाखला, अग्निशमन दाखला, स्टेज आणि तात्पुरत्या वीजजोडणीची तपासणी, असं दर कार्यक्रमाला नव्याने. वाहतूक शाखा पहिला प्रश्न पार्किंगचा विचारते, तेव्हा नकाशावर गाड्यांची जागा आखूनच न्या. सावरगाव-गिरणारेकडच्या वायनऱ्यांमधल्या कार्यक्रमांना शहर पोलिस आयुक्तालय नाही, ग्रामीण पोलिस लागतात. चुकीच्या दारात अर्ज दिला की आठवडा गेलाच.

हॉलचे कायमचे कागद मालकाकडे असतात. फक्त ‘फायर एनओसी आहे’ एवढ्यावर थांबू नका. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म ‘बी’ दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. चालू सहामाहीचा मागून घ्या. जुनाच कागद पुढे सरकवला जातो.

गाण्यांचा परवाना दोन्हीकडे सारखाच, आणि पोलिस परवानगीत तो येत नाही. प्रत्यक्ष गायकांनी सिनेगीतं म्हटली तर गीत-संगीतासाठी आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाना देणारी संस्था. रेकॉर्ड वाजवायची असेल तर त्याशिवाय ध्वनिमुद्रणाचे हक्कही: ते रेकॉर्ड कंपन्यांच्या वतीने आरएमपीएल, पीपीएल किंवा नोव्हेक्स देतात, ज्या कंपनीची (लेबलची) गाणी त्याप्रमाणे. भक्तिसंगीतातही सांभाळा. अभंग तुकोबांचा असला तरी त्याची चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असू शकते, आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं तिच्यावर हक्क राहतो. लग्न आणि त्यासोबतच्या समारंभांना कॉपीराइट कायद्यात सूट आहे. तिकीट लावलेल्या गरब्याला किंवा थर्टीफर्स्टला नाही. फायद्यासाठी जागा देणारा मालकही कलम 51 खाली अडकू शकतो, म्हणून भाडेकरारातच परवान्याची जबाबदारी लिहून घ्या.

तिकीट 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, वर गेलं की 18 टक्के.

आमचा कौल असा: दोनशे-तीनशे श्रोते आणि मैफल रंगली तर अकरापर्यंत चालणार असेल, तर भाडं जास्त पडलं तरी हॉल घ्या. गर्दी मोठी, कार्यक्रम संध्याकाळी सहाचा आणि आजूबाजूला वस्ती विरळ, तर लॉन. दर आठवड्याला कार्यक्रम करणाऱ्या कॅफेने मात्र एकेका परवानगीच्या मागे धावू नये. आतली खोली नीट बंदिस्त करून आयुक्तालयाकडे कायमच्या परवान्याचा अर्ज टाकावा, आणि गाण्यांचे वार्षिक दरही तेव्हाच विचारून घ्यावेत.