आठ महिने एआयकडून चित्रं काढून घेतल्यावर

मी मुलांसाठी गोष्टी लिहिते, पण चित्रकलेच्या नावाने शंख. म्हणून शब्द लिहिले की चित्र देणारं एक एआय टूल आठ महिन्यांपूर्वी घेतलं. पैसे वाया गेले असं अजिबात म्हणणार नाही. भरून आलेलं आभाळ, पोपडे उडालेली भिंत, कंदिलाचा उजेड हे सगळं ते मिनिटभरात देतं, आणि झकास देतं. सहा बोटांचे हातही आता क्वचितच दिसतात.

वैताग वेगळाच आहे. एका गोष्टीत भिंतीवरच्या घड्याळात चार पंचवीस हवे होते. अकरा वेळा मागितले, नऊ वेळा दहा वाजून दहा मिनिटं! जाहिरातीतल्या घड्याळांचे काटे बहुधा १०:१० वरच लावलेले असतात, कंपनीचं नाव झाकू नये म्हणून. टूल शिकलं ते असल्याच फोटोंवरून. 'खोलीत मांजर नको' लिहिलं की मांजर हजर. बरोबरच आहे म्हणा. अशा काही टूल्सना शिकवायला वापरल्या गेलेल्या लायन-५बी या संग्रहात चित्र आणि मजकुराच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या; त्यात फोटोखाली 'इथे मांजर नाही' असं लिहिणारे कितीसे असणार?

२०२२ मधली डॅल-ई २ आणि स्टेबल डिफ्यूजन ही अशीच टूल्स ज्या पद्धतीने चालायची, तीत सुरुवातीला जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखे नुसते ठिपके असतात. तुमच्या शब्दांच्या अंदाजाने एकेक पायरीला त्यातला गोंधळ कमी होत जातो. म्हणजे त्या शब्दांना साजेसं, नेहमी दिसणारं चित्र मिळतं. गोष्टीत काय चाललंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हे मला पडद्याच्या चित्राने कळलं. 'मुलगी पडद्यामागे लपली आहे' असं लिहिलं, तर पडद्यासमोर हसत उभी असलेली गोड मुलगी आली. चार-पाच वेळा तीच तऱ्हा. शेवटी चित्रकार मैत्रिणीला फोन केला. तिने आधी विचारलं, "खेळायला लपलीये की घाबरून?" मी म्हटलं, घाबरून. तिने मुलगी काढलीच नाही. पडद्याखाली पायांचे आत वळवलेले दोन अंगठे, आणि कापडाला एका जागी मुठीत धरल्याच्या चुण्या. बस्स.

टूलची वर्गणी चालू ठेवलीये, आभाळासाठी. घड्याळ मात्र मैत्रिणीकडेच दिलं. चार पंचवीस सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तासकाटा चार आणि पाचच्या मध्ये घेते. चालेल ना?"