गहू आधी सोडायचा की टेस्ट आधी करायची? सीलिॲकच्या तपासण्या, ठाण्यातून पाहिलेल्या

परवा ऑफिसातली मैत्रीण ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर सांगत होती, पोट सारखं फुगतं, केस गळतात, दुपारी तीननंतर डोळे उघडे राहत नाहीत, आणि तिच्या जिमवाल्याने सांगितलंय की गहू बंद कर, म्हणून सोमवारपासून बंद करणार. मी तिला तिथेच धरलं. म्हटलं बाई, सोमवारपासून काय हवं ते कर पण गहू बंद करू नकोस, आधी सीलिॲकच्या टेस्टसाठी रक्त दे. तिला वाटलं मी गंमत करतेय.

गंमत नाही, मी हेच करून बसलेय. दोन वर्षं माझं हिमोग्लोबिन ८-९ च्या वर चढत नव्हतं, लोहाच्या गोळ्या चालूच, पोट कधी ठीक कधी नाही. एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती, नवरात्रात नऊ दिवस उपास केले की पोट एकदम शांत असायचं. मी ते देवीच्या खात्यावर टाकत होते. खरं कारण हे की त्या नऊ दिवसांत साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, यातल्या कशातच ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते प्रोटीन, नाही. मग नणंद म्हणाली, "वहिनी, तू गहू सोडूनच बघ ना महिनाभर." महिन्याचे सात महिने झाले, भाकरी आणि भात, बरं वाटायला लागलं, आणि मग उत्साहात जाऊन टेस्ट केली तर रिपोर्ट नॉर्मल. घरात सगळे खूश. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी तो कागद बघून एकच विचारलं, "रक्त दिलंत तेव्हा चपाती खात होतात?" नाही म्हटल्यावर त्यांनी रिपोर्ट घडी करून मला परत दिला. याचा काही उपयोग नाही म्हणे.

कारण सीलिॲक या आजारात होतं काय, की गहू, जव आणि राय यातलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतून टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक उंचवटे असतात, विलाय म्हणतात, ते झिजून सपाट होतात आणि मग लोह, कॅल्शियम काही नीट शोषलंच जात नाही. रक्ताची टेस्ट या हल्ल्यातल्या अँटिबॉडी मोजते. ग्लुटेन बंद केलं की काही आठवड्यांपासून काही महिन्यांत अँटिबॉडी उतरत जातात, आतडंही हळूहळू भरून येतं. म्हणजे चोर पळून गेल्यावर पंचनामा.

तर पहिली तुलना हीच, घरच्या घरी गहू सोडून बघणं की आधी तपासणी. सोडून बघण्यात पैसे लागत नाहीत, कुठे जायला नको, आणि बरं वाटलं तर वाटलं, हे सगळं मान्य. पण बरं वाटलं म्हणजे सीलिॲकच असं नाही. गव्हात फ्रुक्टन नावाची साखर असते, कांदा-लसणातही असते, तिनेही कित्येकांचं पोट फुगतं, आणि गहू सोडताना आपण बिस्किटं, पाव, वडापाव, समोसा पण सोडतो, त्यानेही बरं वाटणारच की. शिवाय सीलिॲक असेल तर पथ्य आयुष्यभराचं, तेही चमचाभर सुद्धा नाही असं कडक, आणि खरं सांगू का, हातात कागद नसताना असं पथ्य कुणी पाळत नाही. लग्नात कुणी आग्रह केला की एक पुरी जातेच. आणि कागद असेल तरच डॉक्टर पुढचं बघतात, हाडांची घनता, थायरॉइड, घरातले बाकीचे. सख्ख्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं, यांच्यात साधारण दहात एकाला निघू शकतो. माझं मत स्पष्ट आहे, शंका असेल तर आधी टेस्ट.

आता कुठली टेस्ट. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात.

लॅबला फोन लावला तर पलीकडून मुलगी म्हणते, "मॅम, ग्लुटेनसाठी फूड इन्टॉलरन्स पॅनल घ्या ना, दोनशे पदार्थ चेक होतात, ऑफर आहे." घेऊ नका. ते पॅनल बहुतेक वेळा आयजीजी मोजतं (आयजीजी, आयजीई, आयजीए हे सगळे अँटिबॉडीचे प्रकार), आणि एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीजी असणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता, बस, यापलीकडे त्याला फार अर्थ नाही. युरोप-अमेरिकेतल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनांनी हे वापरू नका असं सांगितलेलं आहे. माझ्या एका शेजारणीने ते करून दूध, वांगं, अंडं, शेंगदाणा सगळं सोडलं आणि शेवटी काय तर वजन उतरलं. गव्हाची ॲलर्जी ही पण वेगळी भानगड, तिची आयजीई टेस्ट असते, खाल्ल्यावर लगेच गांधी उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं असं असेल तर ती. त्यात सीलिॲक कळत नाही.

मागायची ती टीटीजी आयजीए, सीलिॲकमधली अँटिबॉडी मोजणारी, आणि तिच्यासोबत टोटल आयजीए, म्हणजे शरीरात एकूण आयजीए किती. दोन्ही एकाच रक्तात होतात. दुसरी का, तर काही माणसांच्या शरीरात मुळात आयजीएच कमी बनतं, आणि सीलिॲकवाल्यांत अशी माणसं इतरांपेक्षा जास्त असतात, शंभरात दोन-तीन. अशा माणसाची टीटीजी आयजीए खोटी नॉर्मल येणार, मग त्यांना आयजीजीवाल्या टेस्ट लागतात, टीटीजी आयजीजी किंवा डीजीपी आयजीजी (हा आयजीजी सीलिॲकच्याच संदर्भातला, वरच्या दोनशे पदार्थांच्या पॅनलशी गल्लत करू नका). सॅम्पल घरी येऊन घेतात, उपाशी राहायची गरज नाही. फोनवर "सीलिॲक पॅनल" एवढंच म्हणू नका, प्रत्येक ठिकाणी त्या नावाखाली वेगळं काहीतरी असतं, टेस्टची नावं घेऊनच बोला आणि बिलावर तीच नावं आहेत का बघा.

मग जीन टेस्ट. डीक्यू टू, डीक्यू एट ही दोन जीन्स. ही महाग, आणि लोकांना वाटतं महाग म्हणजे पक्की. उलटं आहे. ही जीन्स लोकसंख्येत भरपूर जणांमध्ये असतात आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधी सीलिॲक होत नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह आली तर त्यावरून निदान होत नाही. पण दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळपास नाहीच. म्हणजे ही टेस्ट नाही म्हणायला चांगली. दोन प्रकारच्या लोकांनी हिच्यावर पैसे घालावेत, एक, ज्यांनी गहू कधीचा सोडलाय आणि परत खायची हिंमत नाही (जीन्स जेवणावर बदलत नाहीत ना), आणि दुसरे पेशंटच्या घरचे.

पण गहू सोडलेला आणि जीन पॉझिटिव्ह, तर? तर माझ्यासारखं परत खावं लागतं. याला ग्लुटेन चॅलेंज म्हणतात. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेच्या सूचनेत टेस्टआधी किमान ६ आठवडे, रोज एकापेक्षा जास्त जेवणात ग्लुटेन असावं असं आहे. मला डॉक्टरांनी रोज दोन-तीन चपात्या सांगितल्या, सहा ते आठ आठवडे. सात महिन्यांनी घरात माझ्यासाठी कणीक मळली गेली तेव्हा सासूबाईंना इतका आनंद, पहिल्याच दिवशी तूप लावून चार वाढल्या, म्हणाल्या "बघ, भाकरीने काय होतंय, खा पोटभर." मी त्यांना म्हटलं, "आई, ही चपाती औषध समजून वाढा, चार नको." तिसऱ्या दिवसापासून पोट ढोलासारखं, पाचव्या दिवशी लोकलमध्ये ठाणे ते ऐरोली एवढ्या अंतरात दोनदा वाटलं उतरावं. दुसऱ्या आठवड्यात थोडं बसलं, मग ठीक. हे स्वतःच्या मनाने करू नका, मुलांवर तर अजिबात नाही, फार त्रास झाला तर कधी थांबायचं हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

इथे आपल्याकडची एक गोष्ट. कोकणातली बरीच घरं दोन्ही वेळ भातच खातात, चपाती डब्यापुरती एखादी. उत्तरेत गहू जास्त म्हणून तिकडे हा आजार जास्त सापडतो, साधारण शंभरात एक, दक्षिणेत बराच कमी. तुमच्या घरी भातच जास्त असेल तर टेस्टच्या आधी आठवडाभर लिहून काढा रोज किती चपात्या, किती पाव. आणि डॉक्टरला ते सांगा. "आम्ही गहू खातो" एवढ्यावर रक्त देऊ नका.

पुढची तुलना रक्त की दुर्बीण. मोठ्या माणसांत रक्त पॉझिटिव्ह आलं तरी साधारण एंडोस्कोपी करून लहान आतड्याचे तुकडे तपासतात. मी घाबरून विचारलं होतं की रक्तावरच भागवता येणार नाही का. पण आपल्या देशात रक्त आणि दुर्बीण दोन्ही बघायला जास्त कारण आहे, कारण ते उंचवटे झिजायला सीलिॲकच लागतो असं नाही, ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण देशांतला आतड्याचा आजार), जिआर्डिया नावाचा परजीवी, काही औषधं, यांनीही तसंच दिसतं. उलट रक्तातली टीटीजी थोडीशीच वाढलेली असेल तर ती दुसऱ्या कारणाने पण असू शकते. दोन्ही जुळलं की मग निदान पक्कं. मुलांमध्ये युरोपातल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे टीटीजी आयजीए वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या सॅम्पलमध्ये ईएमए नावाची टेस्टही पॉझिटिव्ह असेल, तर दुर्बिणीशिवाय निदान करता येतं, तेही मुलांच्या पोटाच्या डॉक्टरने आईवडिलांशी बोलून.

आता माझी तक्रार. चॅलेंजच्या आधी, तेव्हा तर मला ग्लुटेन हा शब्दही माहीत नव्हता, एका हॉस्पिटलात ॲसिडिटीसाठी माझी एंडोस्कोपी झाली होती. रिपोर्ट नॉर्मल. मी तो कागद सगळ्यांना दाखवत फिरले की बघा, आतून बघितलंय, काही नाही. नंतर नौपाड्यातल्या डॉक्टरांनी वाचून दाखवलं की त्यात तुकडा घेतला होता तो जठराचा, लहान आतड्याचा घेतलाच नव्हता. कॅमेऱ्याला डोळ्यांनी आतडं ठीक दिसलं तरी सीलिॲक असू शकतो, म्हणून तुकडे घ्यावेच लागतात, आणि एक नाही, ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, पुढच्या भागातून किमान चार आणि बल्बमधून, म्हणजे त्याच्या अगदी तोंडाशी, एक-दोन, कारण झीज ठिकठिकाणी वेगळी असते. तेव्हा एंडोस्कोपीला जाताना चिठ्ठीवर "सीलिॲकसाठी ड्युओडेनल बायोप्सी" असं स्पष्ट लिहून घ्या आणि आत जाण्याआधी टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला तोंडानेही सांगा. लाजू नका, आत गेल्यावर घशात स्प्रे मारला की बोलता येत नाही. प्रकार तसा दहा-पंधरा मिनिटांचा, आधी सहा-आठ तास उपाशी, घसा बधिर, हवी तर झोपेची सुई, पण सुई घेतली तर सोबत माणूस लागतो आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. बायोप्सीच्या रिपोर्टवर मार्श असा शब्द आणि पुढे आकडा असतो, ३ म्हणजे उंचवटे झिजलेत. चॅलेंजनंतरच्या बायोप्सीत माझा ३ए होता आणि टीटीजी पण तेव्हा चांगलीच वर आली होती.

कुठे करायचं यावर थोडक्यात. ठाण्यात आणि वाशी-नेरुळला प्रायव्हेटमध्ये पोटाचे डॉक्टर भरपूर आहेत, अपॉइंटमेंट दोन दिवसांत मिळते, बायोप्सीचा रिपोर्ट आठवड्यात, खिसा मात्र हलका होतो, आणि मेडिक्लेमवाले ओपीडीतल्या रक्ताच्या टेस्ट बहुतेक देत नाहीत, बिलं घेण्याआधी विचारा. दुसरा रस्ता मुंबई महापालिकेची मोठी हॉस्पिटलं, परळचं केईएम, सायन, नायर, तिथे खर्च अगदी कमी पण सकाळची लाइन, केसपेपर, पुढची तारीख, सुट्टी काढायची तयारी ठेवा. एक मधला रस्ता बऱ्याच जणांना परवडतो, रक्त घरी देऊन टाकायचं, रिपोर्ट हातात घेऊनच मोठ्या हॉस्पिटलात जायचं, म्हणजे एक फेरी वाचते. लॅब मात्र चांगली मान्यता असलेली घ्या आणि पुढे पथ्यावर आकडा उतरतोय का हे बघायला त्याच लॅबमध्ये परत जा, प्रत्येक लॅबची मर्यादा वेगळी असते.

मुलीचं सांगायचं राहिलं. माझं निदान झाल्यावर तिची टीटीजी आणि टोटल आयजीए केली, नऊ वर्षांची आहे, नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले आज नाही म्हणजे कधीच नाही असं नाही, अधूनमधून परत बघावं लागेल. मग तिची जीन टेस्ट केली, डीक्यू टू निघालं. निघालं नसतं तर प्रश्नच मिटला असता, आता दर एक-दोन वर्षांनी रक्त. ती म्हणते, "आई, मी नवरात्रात पण चपातीच खाणार, नाहीतर टेस्ट चुकेल." म्हटलं नऊ दिवसांनी काही चुकत नाही, साबुदाण्याची खिचडी खा.

मैत्रिणीने काल रात्री सॅम्पल दिलं. लॅबवाल्याने तिलाही ऑफर दिली होती, तिने नाही म्हटलं. रिपोर्ट गुरुवारी आहे, तोवर तिच्या डब्यात चपाती-भाजीच आहे, आणि दुपारी तीननंतर तिची कॉफी.