पेडलबोर्डसाठी पॅच केबल: मोल्डेड, सोल्डरलेस की हाताने सोल्डर केलेली?

आठ पेडलांचा, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाने चालवायच्या आठ पेट्यांचा, बोर्ड धरा. पेडलांना जोडणाऱ्या 7 पॅच केबल, गिटारकडून येणारी एक लांब केबल आणि ॲम्पकडे जाणारी एक. एकूण 9 केबल आणि 18 पिना (केबलच्या टोकाचे जॅक). प्रत्येक पिनेच्या आत दोन सांधे, एक मधल्या तारेचा आणि एक शील्डचा, म्हणजे तिच्याभोवतीच्या तारांच्या आवरणाचा. म्हणजे 36 सांधे, सगळे एकामागे एक. यातला एक जरी सुटला तरी ऐन गाण्यात आवाज बंद होतो, आणि तो नेमका कुठला हे अंधाऱ्या स्टेजवर वाकून शोधावं लागतं. म्हणून पॅच केबल निवडताना "टोन कसा येतो" हा प्रश्न आम्ही मागे ठेवतो. आधी विचारायचं ते हे, की सांधा कसा केलाय आणि तो किती दिवस टिकेल.

टोनचा हिशोब एकदा मांडून टाकू, म्हणजे मन शांत होईल. गिटारच्या साध्या शील्डेड केबलची कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण, तो जास्त झाला की वरचे सूर बोथट होतात) मीटरला साधारण 150 पिकोफॅरड धरली, तर 15 सेंटिमीटरच्या 7 पॅच केबल मिळून जेमतेम 1 मीटर होतात, म्हणजे 160 पिकोफॅरडच्या आसपास. गिटारपासून बोर्डापर्यंतची 6 मीटरची केबल एकटीच 900 घेते. वरचे सूर बोथट होत असतील तर आधी ती लांब केबल बदला. शिवाय साखळीत पहिलंच पेडल बफर (सिग्नलला बळ देणारं सर्किट) असलेलं असेल, उदाहरणार्थ बॉसचा टीयू-3 ट्यूनर, तर त्याच्या पुढच्या पॅच केबलांच्या कपॅसिटन्सने कानाला कळण्याइतका फरक पडत नाही. "लो कपॅसिटन्स" हा शब्द बघून पॅच केबलला तिप्पट पैसे मोजणं आम्हाला पटत नाही. तेच पैसे पिनांवर घाला.

मोल्डेड: तयार, स्वस्त, पण दुरुस्ती नाही

सहाच्या पाकिटात मिळणाऱ्या, रबरी किंवा प्लास्टिकच्या डोक्याच्या रंगीत केबल त्या या. आतला सांधा कारखान्यात करून वरून प्लास्टिक ओतलेलं असतं. बिघडली की फेकायची, उघडता येत नाही. पण सगळ्याच मोल्डेड केबल वाईट, हे म्हणणं चुकीचं आहे. नीट बनवलेली मोल्डेड केबल बोर्डावर न हलवता ठेवली तर वर्षानुवर्षं चालते, कारण ओतलेलं प्लास्टिकच वायरीला घट्ट धरून ठेवतं.

स्वस्त पाकिटात घोटाळा दोन जागी होतो. पहिली जागा पिनेचं टोक. पिनेच्या मधली सळई मागच्या बाजूला रिव्हेटसारखी ठोकून बसवलेली असते. ती ठोकणी सैल असली की टोक जागेवर फिरतं. नवीन केबल हातात आली की टोक दोन बोटांत धरून हलकेच पिळून बघा. कणभरही फिरलं तर ती केबल बोर्डावर लावू नका. आज वाजेल, पण वापरता वापरता खरखर सुरू होईल. दुसरी जागा म्हणजे वायर डोक्यात शिरते तिथला कोपरा. तिथे रबराची लवचिक शेपटी नसेल आणि वायर थेट काटकोनात वळवली असेल, तर आतल्या बारीक तारा तिथेच एकेक करून तुटतात.

चपट्या रिबनसारख्या केबल, म्हणजे ईबीएस किंवा रॉकबोर्ड यांच्यासारख्या, हा याच घराण्यातला चांगला प्रकार. डोकं अगदी पातळ असतं, त्यामुळे पेडल जवळजवळ बसतात. पण चपटी वायर एकाच दिशेने वळते. तिला आडवी मुरडली तर ती मोडते आणि मोडते ती डोक्याच्या तोंडाशीच. एका पेडलचं सॉकेट बाजूला आणि शेजारच्याचं मागच्या भिंतीवर असेल, तर तिथे चपटी केबल लावू नका, गोल वायरीची लावा.

सोल्डरलेस: सोय आहे, पण हात सरळ हवा

यात वायर हव्या तेवढ्या लांबीची कापायची, पिनेत खुपसायची आणि टोपी किंवा बारीक स्क्रू आवळायचा. आत एक अणकुचीदार टोक मधल्या तारेत घुसतं आणि स्क्रू किंवा टोपी वरचं आवरण फोडून शील्डला टेकते. सोल्डरिंगची गरज नाही, दहा मिनिटांत अख्खा बोर्ड तयार. मांडणी सारखी बदलणाऱ्याला याचा मोह होणारच.

पण इथे दोन्ही सांधे नुसत्या दाबावर उभे असतात. वायर तिरकी कापली गेली की टोक मधल्या तारेच्या ऐवजी बाजूच्या इन्सुलेशनमध्ये घुसतं. शील्डची एखादी सुटी तार कापलेल्या तोंडावर राहिली की ती टोकाला चिकटून शॉर्ट होते आणि आवाज पूर्ण बंद. कात्रीने कापलीत तर वायर चपटी होते. नवीन ब्लेड घ्या, वायर लाकडावर ठेवा आणि एकाच दाबात काटकोनात कापा. कापलेलं तोंड उजेडात धरून बघा. मधली तार बरोबर केंद्रात दिसली पाहिजे आणि शील्डचा एकही केस आत वळलेला नको.

बोर्ड घरातच राहत असेल तर सोल्डरलेस ठीक. पण नाशिकहून मुंबईला कार्यक्रमांना जाणारा बोर्ड गाडीच्या डिकीत कसारा घाटाचे हादरे खात जातो, आणि हादऱ्याने बारीक स्क्रू सैल होतात. अशा बोर्डासाठी हा प्रकार घेऊ नका. घेतलाच असेल तर प्रत्येक प्रवासानंतर सगळे स्क्रू पुन्हा आवळायची सवय लावून घ्या. जास्त आवळायचं नाही, नाहीतर वायरच कापली जाते.

हाताने सोल्डर केलेली: थोडा त्रास, पण आमची पहिली पसंती

इथे सांधा धातूचा धातूशी वितळून होतो. नीट केला तर हादऱ्याने सुटत नाही, आणि सुटलाच तर झाकण उघडून पाच मिनिटांत दुरुस्त होतो. नाशिकला तर हे काम अवघड वाटायचं कारणच नाही. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत पॅनेल वायरिंग करणारे कितीतरी हात आहेत, ओळखीत एकतरी सापडतोच. एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसलात तरी पुरे.

वायर सुमारे 5 मिलिमीटर जाडीची घ्या. मोगामी 2319 या मापाची आहे. कॅनारे जीएस-6 त्याहून थोडी जाड, 5.8 मिलिमीटर, आणि लहान पिनांच्या तोंडात ती कधी कधी बसत नाही. पिना म्हणजे दुकानदार ज्याला पी-38 म्हणतात त्याच, 6.35 मिलिमीटरच्या, मोनो आणि काटकोनी. पातळ चपट्या डोक्यासाठी स्विचक्राफ्ट 228, जागा असेल तर न्यूट्रिकची काटकोनी पिन. नाशिकमध्ये नेमकं हवं ते मिळालं नाही तर ऑनलाइन मागवा, नाहीतर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पिना हाताळून घ्या आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत या. टोक पिळून बघण्याची परीक्षा दुकानातच करता येते, हा जाण्याचा मोठा फायदा.

कामाचा क्रम असा ठेवा. पेडल बोर्डावर चिकटवून झाल्यावरच दोन सॉकेटमधलं अंतर सुतळीने, वायर जिथून जाणार त्याच वाटेने मोजा. त्यात 2 ते 3 सेंटिमीटर ढील धरा. बाहेरचं आवरण साधारण 12 मिलिमीटर सोला. शील्डच्या तारा एका बाजूला घेऊन पिळा. आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: बऱ्याच गिटार केबलमध्ये शील्डच्या खाली, मधल्या तारेच्या इन्सुलेशनवर, काळ्या प्लास्टिकचा एक पातळ थर असतो. ते साधं प्लास्टिक नाही, त्यातून वीज वाहते. तो थर किमान 5 मिलिमीटर मागेपर्यंत सोलून काढला नाही आणि टोकाच्या सांध्याला टेकला, तर सिग्नल त्यातून गळतो. मीटरवर पूर्ण शॉर्ट दिसत नाही, बीप वाजत नाही, पण आवाज दबलेला आणि मंद येतो. चांगली वायर आणि चांगली पिन असूनही केबल "मेलेली" वाटते, तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

मग मधल्या तारेचं इन्सुलेशन 3-4 मिलिमीटर सोला. तार आणि पिनेचा कान (तार जोडायची पट्टी) दोन्हीवर आधी सोल्डरचा पातळ मुलामा द्या. 60/40 ची (कथील आणि शिसं यांचं प्रमाण), रोझिन गाभ्याची 0.8 मिलिमीटर सोल्डर वायर पुरते. नळकामाची ॲसिड पेस्ट चुकूनही वापरू नका, ती पुढे सांधा गंजवते. आयर्न 350 अंशांच्या आसपास ठेवा आणि सांध्यावर 2-3 सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. जास्त वेळ धरलं की इन्सुलेशन मऊ होतं, मधली तार सरकते आणि आतल्या आत शील्डला जाऊन टेकते. सांधा गार होताना वायर हलली तर तो मळकट, दाणेदार दिसतो. त्यालाच ड्राय सोल्डर म्हणतात. तो पुन्हा गरम करून थोडी नवी सोल्डर द्या. नीट बसलेला सांधा तारेच्या अंगाला सपाट पसरलेला दिसतो, गोळी होऊन वर बसलेला नाही.

पिनेतली वायर धरणारी पकड बाहेरच्या आवरणावर आवळा, सोललेल्या तारांवर नाही. चपट्या पिनांत झाकण बंद केल्यावर ते धातूचं झाकण टोकाच्या सांध्याला टेकू शकतं. म्हणून सांधा बुटका ठेवा आणि झाकणाच्या आत इन्सुलेशन टेपचा एक तुकडा चिकटवा.

वायरीशिवायचे जोड

दोन पिना थेट पाठीला पाठ लावून जोडलेले छोटे धातूचे जोड मिळतात. जागा वाचते खरी. पण पेडलवर पाय पडला की दोन्ही पेडल वेगवेगळी हलतात आणि तो सगळा ताण सॉकेटवर जातो. आजकाल बहुतेक पेडलांमध्ये सॉकेट सर्किट बोर्डालाच सोल्डर केलेलं असतं. केबल वाचवायला जाऊन पेडल उघडावं लागेल. घेऊ नका.

जागेचं माप

बॉसचं छोटं पेडल 73 मिलिमीटर रुंद असतं आणि त्याची इनपुट-आउटपुट सॉकेट एकमेकांसमोर येतात. म्हणून दोन पेडलांमधली फट किमान दोन्ही पिनांच्या डोक्यांची जाडी अधिक 2-3 मिलिमीटर एवढी हवी. जागा कमी असेल तर एक पेडल थोडं पुढे-मागे सरकवा, म्हणजे डोकी शेजारी-शेजारी बसतील. पिना एकमेकींना घासत असतील तर काही महिन्यांत सॉकेटचे नट सैल होतात आणि दोष केबलला दिला जातो. एक्स्प्रेशन पेडलला (पायाने खाली-वर करून इफेक्ट कमी-जास्त करायचं पेडल) आणि एकाच सॉकेटमधून होणाऱ्या स्टिरिओ जोडणीला तीन भागांच्या, म्हणजे स्टिरिओ पिना लागतात, तिथे यातली कोणतीही मोनो केबल चालणार नाही.

कोणी काय घ्यावं

कॉलेजच्या बँडसाठी तीन-चार पेडल, मांडणी दर महिन्याला बदलते आणि सोल्डरिंग येत नाही, अशाने चपट्या मोल्डेड केबल घ्याव्यात आणि दोन जास्तीच्या ठेवाव्यात. बोर्ड ठरलेला आहे, कालिदास कलामंदिरासारख्या नाट्यगृहात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात नियमित वाजवायचं आहे, तर सोल्डर केलेल्याच. स्वतः करणं शक्य नसेल तर बनवून घ्या, पण पिना तुम्ही निवडून द्या. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्याने सोल्डरलेस निवडली तर आमची हरकत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सोल्डरलेस पिना आणि वायरी मात्र एकत्र करू नका, जाडी अर्धा मिलिमीटर चुकली तरी शील्ड नीट टेकत नाही.

नाशिकच्या पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, महिनोन्महिने न काढलेल्या पिनांवर मळकट थर बसतो. महिन्यातून एकदा प्रत्येक पिन काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा आणि सॉकेटमध्ये दोन-तीनदा आत-बाहेर करा. तेलकट स्प्रे मारू नका, त्यावर धूळ चिकटते.

लावण्याआधी आणि बंद पडल्यावर

प्रत्येक नवी केबल, विकतची असो वा बनवलेली, मल्टिमीटरवर तपासा. टोक ते टोक बीप, बाही (टोकामागचा पिनेचा लांब धातूचा भाग) ते बाही बीप, टोक ते बाही शांतता. मग बीप चालू असताना दोन्ही डोक्यांशी वायर चारही बाजूंना वाकवा. बीप क्षणभरही तुटला तर सांधा कच्चा आहे. नंतर ती गिटार आणि ॲम्पमध्ये लावून डोक्यावर नखाने टिचकी मारा. हलका ठोका ऐकू आला तर चालेल, खरखर आली तर नको.

कार्यक्रमात आवाज गेला तर एकेक केबल काढत बसू नका. चौथ्या पेडलच्या आउटपुटमधून थेट ॲम्पला जोडा. आवाज आला तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नाही आला तर आधीच्या. मग उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करा. आठ पेडलांत तीन-चार वेळा जोडलं की नेमकी जागा सापडते. आता तिथली केबल बदला. नव्या केबलनेही आवाज आला नाही तर दोष पेडलच्या सॉकेटचा किंवा त्याच्या पॉवरचा आहे, तेवढं पेडल साखळीतून वगळा. या वगळण्यासाठी पिशवीत 40-50 सेंटिमीटरची एक जास्तीची पॅच केबल हवीच, कारण 15 सेंटिमीटरची केबल एका पेडलवरून पलीकडे पोचत नाही.