छताचा तळथर: प्लायवूड, ओएसबी की लाकडी फळ्या?

छताच्या वाशांवर कोणता तळथर, म्हणजे कौले किंवा इतर आच्छादनाखालचा पाया, ठोकायचा हे ठरवताना बहुतेक जण आधी ताकद विचारतात. बांधकामासाठी प्रमाणित केलेले, योग्य जाडीचे प्लायवूड आणि ओएसबी (ओरिएंटेड स्ट्रँड बोर्ड) हे दोन्ही भार पेलण्याच्या बाबतीत जवळपास तुल्यबळ असल्यामुळे, त्या प्रश्नाने निवड फारशी पुढे सरकत नाही. पाणी लागल्यावर दोन्ही कसे वागतात, इथे खरा फरक पडतो, आणि माझ्या मते निर्णय त्यावरच घ्यावा.

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. ते पाणी लवकर शोषते, पण तितक्याच लवकर सुकते, आणि फुगले तरी बऱ्याच अंशी मूळ जाडीवर येते. वारंवार भिजत राहिल्यास मात्र त्याचे थर सुटू लागतात. ओएसबी हा लाकडाच्या लांबट चकत्या डिंकासह उष्णता आणि दाबाखाली एकत्र करून बनवला जातो. तो सावकाश भिजतो आणि सावकाशच सुकतो. त्याच्या कडा पाण्याने फुगल्या की सुकल्यानंतरही पूर्ण बसत नाहीत, आणि मग पातळ शिंगलखाली (एकावर एक चढवून बसवायच्या आच्छादनाच्या चपट्या तुकड्यांखाली) प्रत्येक सांध्यावर उंचवटा उठून दिसतो. म्हणून तळथर ठोकल्यावर लगेच जलरोधक अस्तर पसरता येणार असेल, तर स्वस्त आणि एकसारख्या जाडीचा ओएसबी घेण्यात मला काहीच गैर वाटत नाही. काम पावसात अडकण्याची शक्यता असेल, तर प्लायवूडसाठी जास्तीचे पैसे मोजावेत. सगळ्या छताला ते परवडत नसेल, तर निदान वळचणीला आणि दोन उतार मिळतात त्या पन्हळीत तरी बाह्य वापराचे प्लायवूड लावावे, कारण पाणी साचण्याचा धोका तिथेच सर्वाधिक असतो.

जाडी वाशांमधील अंतरावर ठरते. वासे 600 मिलिमीटर अंतरावर असतील, तर सुमारे 11 मिलिमीटरचा ओएसबी किंवा 12 मिलिमीटरचे प्लायवूड बऱ्याच ठिकाणी किमान म्हणून मान्य असते, आणि तेवढ्या पातळ शीटच्या कडांना दोन वाशांच्या मधोमध धातूच्या क्लिपांचा आधार लागू शकतो. किमान म्हणजे पुरेसे, असे मी मानत नाही: बर्फाचा भार, जड कौले किंवा सौर पॅनेल येणार असतील, तर 15 ते 18 मिलिमीटरची शीट घ्यावी, नाहीतर काही वर्षांत दोन वाशांमधला भाग खाली बसून छत लाटांसारखे दिसू लागते.

निवड कोणतीही असो, शीटची लांब बाजू वाशांना आडवी ठेवावी, सांधे एका रेषेत येऊ देऊ नयेत आणि दोन शीटमध्ये सुमारे 3 मिलिमीटरची फट सोडावी. ही फट न सोडल्यामुळे उचलल्या गेलेल्या कडांचा दोष पुष्कळदा मालावर टाकला जातो. खिळे कडांना 150 आणि मधल्या वाशांवर 300 मिलिमीटर अंतरावर घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळलेली आहे. सोसाट्याच्या वाऱ्याच्या भागात ते आणखी जवळ घ्यावे लागतात.

लाकडी फळ्यांचा विचार मुख्यतः कौले किंवा लाकडी शिंगल बसवायची असतील तेव्हाच करावा, कारण तिथे फटींमधून खेळणारी हवा आच्छादन कोरडे ठेवते. डांबरी शिंगलखाली मात्र फळ्या आकसून पडणाऱ्या फटी त्रासदायक ठरतात, शिवाय मजुरीही वाढते.

जुन्या छतावर फळ्या आधीच असतील, तर त्या सरसकट उपटण्याची गरज नाही. पेचकस टोचून पाहावा. मऊ लागतील तेवढ्याच फळ्या बदलाव्यात, बाकीच्यांवर पातळ प्लायवूड ठोकावे आणि खिळे फळीतून थेट वाशापर्यंत पोहोचतील इतके लांब घ्यावेत.