पुण्यात विकले जाणारे बनावट स्कूबा प्रमाणपत्र: 46,400 रुपये आणि मुलीच्या कानाचा पडदा

तलावातला सराव पुण्यात, समुद्रातली परीक्षा मालवणला आणि शेवटी जगभर चालणारे स्कूबा डायव्हिंगचे कार्ड, अशी जाहिरात करणाऱ्या एका माणसाला मी आणि माझ्या मुलीने मिळून 46,400 रुपये दिले. प्रत्येकी 18,500 प्रमाणे शुल्काचे 37,000, 'कार्ड नोंदणी'चे प्रत्येकी 3,500 म्हणजे 7,000 आणि पाण्याखालच्या चित्रीकरणाचे 2,400, असा त्याचा हिशेब आहे. सगळी रक्कम यूपीआयने एका खासगी खात्यावर गेली आणि पावती मागितल्यावर 'कोर्स संपला की एकदम देतो' असे उत्तर मिळाले. व्हॉट्सॲप गट, 'शेवटच्या दोनच जागा', आधीच्या विद्यार्थ्यांचे हसरे फोटो हा मामला सर्वांच्या परिचयाचा असल्याने त्यावर अधिक लिहीत नाही. या प्रकारात पैशांबरोबर जीवही जाऊ शकतो, म्हणून हे लिहिते आहे.

ज्या वाक्यापाशी मी थांबायला हवे होते, ते मला अजूनही शब्दशः आठवते. तलावाच्या काठावर उभे राहून त्याने आम्हा सर्वांना सांगितले, "खाली घाबरायला झालं तर श्वास रोखून धरा आणि सरळ वर या." मी मान डोलावली. पुण्यातल्या तलावांत लहानपणापासून पोहलेल्या कोणीही तेच केले असते, कारण पोहणाऱ्याला श्वास रोखणे हाच पहिला धडा मिळतो. स्कूबामध्ये मात्र हा सल्ला थेट मृत्यूकडे नेणारा आहे. समुद्रात दर 10 मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर एक असलेला दाब 10 मीटरवर दोन आणि 20 मीटरवर तीन होतो. रेग्युलेटर, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत पोहोचवणारे उपकरण, त्या-त्या खोलीच्या दाबाचीच हवा देत असल्यामुळे 10 मीटरवर भरलेली छाती श्वास कोंडून वर आणली, तर आतली हवा प्रसरण पावून दुप्पट जागा मागू लागते. फुप्फुस फाटते आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हा अपघात पोहण्याच्या तलावातल्या दीड-दोन मीटरवरसुद्धा होऊ शकतो. स्कूबाचा पहिला नियम एकच आहे: श्वास कधीही रोखायचा नाही. जो प्रशिक्षक हे पहिल्या दिवशी सांगत नाही, त्याच्या तलावातून त्याच क्षणी बाहेर पडा.

आरोग्याचा अर्ज त्याने आमच्यापुढे ठेवला, तेव्हा दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया अशा प्रत्येक प्रश्नापुढे 'नाही'वर निळ्या बॉलपेनाची खूण आधीच केलेली होती. आम्ही फक्त सही करायची होती. मुलीला सर्दी होती. हे मी स्वतः त्याला सांगितले, त्यावर 'समुद्राच्या पाण्याने मोकळी होते' असे तो म्हणाला. सर्दी असताना डाइव्ह करू नये, कारण नाक आणि कान यांना जोडणारी नळी सुजलेली असते आणि कानातला दाब बाहेरच्या दाबाशी जुळवता येत नाही. एरवी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचे असते, आणि तेही दुखू लागण्याआधीपासून, थोडे-थोडे खाली जाताना पुन्हा पुन्हा. दुखलेच तर थोडे वर यायचे. त्यानेही जमले नाही, तर त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही. मालवणला मुलीने कानाकडे बोट दाखवून खूण केली, तेव्हा या माणसाने तिला खांद्याला धरून आणखी खाली नेले. बोटीवर आल्यावर तिच्या मास्कमध्ये रक्ताचा डाग होता. पुण्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानाच्या पडद्याला भोक पडल्याचे सांगितले आणि त्या उपचाराचे 6,850 रुपये वेगळे गेले.

बोटीवर माझ्या सिलिंडरच्या मापकाचा काटा 90 बारवर (बार हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) होता, आणि भरलेला सिलिंडर साधारण 200 बारचा असतो हे मला तेव्हा कोणी शिकवलेले नव्हते. साधारण 50 बार शिल्लक असतानाच पृष्ठभागावर परतलेले असावे लागते. शिवाय 10 मीटरवर हवा दुप्पट वेगाने संपते. काटा पाहिल्याशिवाय पाय पाण्यात घालू नका.

त्याच संध्याकाळी त्याने आम्हाला गाडीने आंबोली घाटातून पुण्याकडे आणले. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे. दाबाखाली श्वास घेताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह झाल्यास किमान 18 तास विमानप्रवास टाळायचा असतो, आणि उंच घाट चढतानाही तीच काळजी घ्यावी लागते. आम्ही जेमतेम पाच-सहा मीटर खोल गेलो होतो, म्हणून निभावले.

त्याने दिलेल्या नोंदवहीत मात्र 18 मीटरच्या चार डाइव्ह एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलेल्या होत्या. पुढे मुलगी अंदमानला स्वराज द्वीपावर गेली, तेव्हा तिथल्या केंद्राने कार्डावरचा क्रमांक तपासला आणि असा क्रमांकच अस्तित्वात नसल्याचे सांगितले. पाडी किंवा एसएसआयसारख्या स्कूबाची प्रमाणपत्रे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे प्रमाणपत्र ऑनलाइन पडताळता येते. प्रशिक्षकाचा क्रमांकसुद्धा पैसे देण्याआधी तपासा, नंतर नव्हे.

यानंतरची वणवण अधिक संतापजनक होती. पुण्यातल्या चौकीत अर्ज वाचून 'पैसे तुम्हीच पाठवलेत, पाण्यात उतरलात, फोटोही काढलेत, मग फसवणूक कुठे झाली?' असे विचारले गेले आणि घटना मालवणची म्हणून तिकडे जाण्याचा सल्ला मिळाला. किनाऱ्यावरच्या ठाण्यातून व्यवहार पुण्याचा असल्याचे उत्तर आले. हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे, हे मी कागद पुढे ठेवून दाखवले, तेव्हा 'साहेब आले की बघू' एवढेच कानी पडले. बँकेने पिन टाकून केलेला व्यवहार म्हणून हात वर केले. जलक्रीडांचे परवाने पाहणाऱ्या कार्यालयाने प्रमाणपत्र परदेशी संस्थेच्या नावाचे आहे, म्हणून आपला संबंध नसल्याचे कळवले. हा माणूस आजही लोकांना पाण्यात उतरवतो आहे का, एवढा एक प्रश्न यांपैकी कोणालाही विचारावासा वाटला नाही! माझ्या मुलीच्या कानातून रक्त आले आहे आणि हे लोक हद्दीचा नकाशा पाहत बसले आहेत.

शेवटी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. 2019 च्या कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही. प्राथमिक मदतीसाठी 1915 हा क्रमांक आहे. व्हॉट्सॲपवरचे संवाद आणि यूपीआयचे तपशील पुसू नका, कारण माझ्या तक्रारीत तेवढाच पुरावा उरला आहे.

तोच माणूस आता नव्या नावाने, प्रत्येकी 19,500 रुपये मागत, तेच तलावातले फोटो टाकून जाहिरात करतो आहे. गेल्या वर्षभरात पुण्यात कोणी असे कार्ड घेतले असेल, तर त्याने पुढच्या डाइव्हआधी त्यावरचा क्रमांक तपासून घ्यावा, आणि तो बनावट निघाल्यास आपलीही तक्रार लेखी नोंदवून तिची पोच घ्यावी.