शाळेच्या जेवणाचा भाजीमळा आणि ३ एचपी सौर पंप : वापरानंतरचा अनुभव

विहिरीत ३ एचपीचा डीसी सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारा पंप, त्याला ३,००० वॅटचे पॅनल, पुढे टाकी आणि ठिबक. मळ्यातली भाजी शाळेच्या स्वयंपाकघरात जाते. कडक ऊन आणि सलग ढगाळ हवा, दोन्ही पाहून झाल्यावर लिहितोय.

रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जावं लागत नाही, डिझेल आणायला नको. एवढ्यासाठीसुद्धा हा पंप मी पुन्हा घेईन.

पण सकाळी लवकर पाणी मिळेल ही आशा सोडा. कोवळ्या उन्हात मोटर फिरते, पाणी मात्र वर येत नाही. बिघाड समजून मेकॅनिकला बोलावू नका. आमच्यासारख्या सेंट्रिफ्युगल, म्हणजे पाती फिरवून पाणी ढकलणाऱ्या पंपाचे फेरे निम्मे झाले की पाणी चढवण्याची ताकद निम्मी नाही, पाव होते. त्यामुळे विहिरीची पातळी खाली गेली की पंप सकाळी उशिरा पाणी धरतो आणि संध्याकाळी लवकर सोडतो. भर दुपारीही पूर्ण ताकद मिळत नाही. पॅनलचे वॅट २५ अंशांना मोजलेले असतात आणि वरच्या प्रत्येक अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घट होते. तापलेलं पॅनल ६० अंशांवर गेलं की दहा ते चौदा टक्के गेलेच.

खरा पैसा वसूल होतो तो टाकीत. पंप थेट ठिबकला जोडला, तर ढग आला की दाब पडतो आणि लॅटरलच्या (वाफ्यातल्या ठिबक नळीच्या) टोकाची रोपं उपाशी राहतात. मग एका वाफ्यात भाजी तयार, दुसऱ्यात अजून कोवळी. बाजारात हे खपून जातं, शाळेला मात्र ठरल्या दिवशी ठरलेलं वजन लागतं. ढग आले म्हणून मुलांची भूक कमी होत नाही. टाकीतून दाब एकसारखा मिळतो. फक्त १ बार दाबासाठी टाकी सुमारे १० मीटर उंच हवी. ते परवडण्यासारखं नाही, म्हणून कमी दाबाचे ड्रिपर आणि आखूड लॅटरल घेतले. बॅटरीच्या भानगडीत पडलोच नाही. ढगाळ हवेत पिकाची तहानही कमी असते, साठ्यातलं पाणी आधी उथळ मुळांच्या पालेभाज्यांना देतो.

भाजी धुण्याचं पाणी मात्र टाकीतूनच वेगळ्या पाइपने घ्या आणि खत सोडण्याच्या जागेआधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. ठिबकमधून जाणारं खत उलटं टाकीत येता कामा नये. भाजी मुलांच्या ताटात जाणार आहे, इथे काटकसर नको.

पॅनल थंड असताना पुसावे. पक्ष्याची घाण एका पॅनलवर पडली तरी ओळीने जोडलेल्या सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो.

नाराजी एकच. शाळेला लांब सुट्टी लागली की भाजीची मागणी थांबते, ऊन तेवढंच असतं. फुकट आहे म्हणून विहीर उपसत बसणं मला पटत नाही. पाणी संपलं की पंप बंद करणारा ड्राय-रन सेन्सर मोटर वाचवतो, पाणी नाही. आमचा कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज मोटरला देणारा डबा, पंपाशिवाय काहीच चालवत नाही. नव्याने घेणाऱ्यांनी पिठाची चक्की किंवा कडबाकुट्टीही चालवू शकेल असा युनिव्हर्सल कंट्रोलर सुरुवातीलाच मागून घ्यावा.